मदत हवी आहे : वटवाघळाच्या रक्ताच्या स्लाईडवर ठिपके, परजीवी की डाग?

स्लाईडवाली : सोमवारी सरांना स्लाईड दाखवायची आहे. जिम्सा रंग दिला, ऑईल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून बघायच्या भिंगाखाली) तांबड्या पेशींवर जांभळे ठिपके दिसतायत. परजीवी आहेत की नाहीत, एवढंच सांगा. पांढऱ्या पेशी मोजून त्यातल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारांचं प्रमाणही काढायचंय, म्हणजे शरीर लढत होतं का ते कळेल. विषय : सोलापुरात वस्तीतली वटवाघळं. प्लीज लवकर.

मायक्रोदादा : कुठलं वटवाघूळ? फळं खाणारं की पाकोळी, म्हणजे किडे खाणारं छोटं? फळखाऊत हेपॅटोसिस्टिस हा रक्तातला परजीवी बघतात, पाकोळीत पॉलिक्रोमोफिलस. रक्त कधी घेतलंस? मिथेनॉलने फिक्स केलंस का, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या केल्यास का? नुसत्या ठिपक्यांवर काय सांगू?

बाळीवेस : आमच्या माडीवर पाकोळ्यांनी उच्छाद मांडलाय. कडुनिंबाचा धूर करा, आठ दिवसांत जातात. आणि रक्तात परजीवी म्हणजे आम्हाला मलेरिया होणार का?

चिंचेखाली : काका, धूर नको, आत पिल्लं असली तर गुदमरून मरतील. आणि माणसाचा मलेरिया अ‍ॅनोफिलीस डासाने पसरतो, त्याचे परजीवी वेगळे.

स्लाईडवाली : पाकोळीच आहे. फिक्स केलं होतं. रंग नळाच्या पाण्यात पातळ केला, डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं.

मायक्रोदादा : तिथेच घोळ झाला असणार. रंग पातळ करायला बफर (पीएच म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ७.२ पीएचचं लागतं, रंग गाळूनही घ्यायचा. आता असं कर : पेशीची कड स्पष्ट होईपर्यंत फोकस कर. ठिपका तेव्हा धूसर झाला आणि स्क्रू किंचित फिरवल्यावर उठून दिसला, तर तो रंगाचा गाळ. परजीवी पेशीच्याच पातळीत दिसतो. पॉलिक्रोमोफिलसचं रक्तात फक्त गॅमेटोसाइट (परजीवीची प्रजननाची अवस्था) सापडतं, मोठं झालं की जवळजवळ अख्खी पेशी भरतं, आत तपकिरी कण दिसतात. एकच गोल गडद ठिपका, भोवती काही नाही, तर हॉवेल-जॉली बॉडीही (तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा) असू शकते.

पीसीआरवाला : स्लाईडवर वेळ घालवू नका, सरळ पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधायची चाचणी) करा.

मायक्रोदादा : सोमवारपर्यंत पीसीआर कुठे होणार? आणि किती पेशींत परजीवी आहेत ते स्लाईडच दाखवते.

पीसीआरवाला : कमी संसर्ग स्लाईडवर सुटतो, म्हणून म्हटलं. बाकी वटवाघळांची प्रतिकारशक्ती भारी. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळखाऊ वटवाघळात संसर्ग नसतानाही इंटरफेरॉन-अल्फा हे विषाणूंशी लढणारं प्रथिन चालू असतं.

चिंचेखाली : ते विषाणूंच्या बाबतीत, इथे त्याचा काय संबंध? ताई, अंगावर कोळ्यासारख्या, बिनपंखांच्या माश्या होत्या का? पॉलिक्रोमोफिलस त्याच पसरवतात.

स्लाईडवाली : दोन होत्या. पोटाच्या केसांत तुरुतुरु पळत होत्या. चिमट्याने काढून फेकल्या.

चिंचेखाली : अरेरे! अल्कोहोलात ठेवायच्या होत्या. पाकोळी जिवंत होती ना? वनखात्याची परवानगी?

बाळीवेस : वटवाघळांना कसली परवानगी, ती उपद्रवी प्राण्यांत मोडतात.

चिंचेखाली : ते फळखाऊंचं होतं, काका. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच गेली.

स्लाईडवाली : पंख्याला लागून रात्री घरात पडली होती. फडफडत होती, सकाळी मेली. मग रक्त घेतलं.

मायक्रोदादा : हे आधी सांगायचं. मेल्यावर तासन्‌तास गेले की पेशी बिघडतात, त्या मोजणीवर भरवसा ठेवू नकोस. आणि एका पाकोळीवरून शरीर लढत होतं की नाही, ते सांगता येत नाही. सरांना हे स्पष्ट सांग.

डॉक्टरमावशी : बाळा, हातमोजे घातले होतेस का? चावली, ओरबाडलं?

स्लाईडवाली : मोजे नव्हते. पण फोकस करून बघितलं दादा! बहुतेक ठिपके वरच्या वर तरंगतायत, गाळच आहे. तीन पेशींत मात्र पेशीच्याच पातळीत तपकिरी कण आहेत. ते काय असेल?

डॉक्टरमावशी : ते राहू दे. हात उजेडात धरून नीट बघ.

स्लाईडवाली : डाव्या अंगठ्याखाली बारीक ओरखडा आहे. पंख धरताना झाला असेल. रक्त नव्हतं आलं.

डॉक्टरमावशी : तरी रेबीजची जोखीम घ्यायची नाही. साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि आजच सरकारी दवाखान्यात जा. वटवाघळाचा ओरखडा आहे असंच सांग, लस आणि लागलं तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) ते ठरवतील. पाकोळी टाकून दिलीस का?

स्लाईडवाली : नाही, फ्रीजमध्ये डब्यात आहे. हात धुतेय. आई सोबत येतेय, निघतो.