मदत हवी आहे: बाणाचा शिक्का असलेलं तागाचं पोतं, लष्करी की बनावट?

रत्नागिरीतल्या एका जुन्या वखारीतलं बारदान आहे. माप ४४ बाय २६.५ इंच, तीन निळ्या पट्ट्या. म्हणजे बांधा नेहमीच्या धान्याच्या बी-ट्विलचाच (तिरप्या विणीच्या तागाच्या पोत्याचा एक ठरीव प्रकार). पण एका अंगाला तीन फाट्यांचा बाण आणि खाली इंग्रजी 'आय' आहे, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानी सरकारी, बहुतेक लष्करी मालाची खूण.

शंका शाईची आहे. जुन्या पोत्यावर नवा शिक्का मारून विकणं सोपं असतं. मूळ शाई धाग्यात मुरते, घासल्या जागी तुटक होते. इथे मात्र शाई एका रफूवरूनही सलग गेली आहे. रफू आधी, शिक्का नंतर! की लष्कराने दुरुस्त बारदानावरच शिक्का मारला असेल? खात्रीच्या नमुन्याचे फोटो असतील तर कृपया टाका. शिक्क्याची उलटी बाजू नक्की दाखवा.

दुसरं, बुरशीचं. धुणार नाही, ताग आटतो आणि शाई फुटते. मास्क लावून मऊ ब्रशने झटकणार आहे, कारण जुन्या धान्याच्या पोत्यात कीटकनाशक असू शकतं. पण कोकणच्या पावसाळ्यात ठेवायचं कसं? प्लास्टिकमध्ये बंद केलं की आत दमट होतं. सुती कापडात गुंडाळून कुणी टिकवलंय का?