‘सहशोधक’, ‘सहजनक’ की ‘विभागून’?

प्रश्न: आठवीच्या मुलांसाठी टिपण लिहितोय. ‘चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचे सहशोधक होत’ असं लिहिलं आणि तिथेच अडलो. ‘सह’ म्हटलं की दोघांनी मिळून काम केलं असं वाटतं. तसं तर घडलं नाही. ‘सहजनक’ चालेल का?

प्रतिसाद: ‘सहजनक’ नको हो, बारशाला घोळ होईल! ‘जनक’ हा शब्दच एकट्याचा आहे.
‘सह’ची दुसरी खोड तुमच्या लक्षात आली नसावी. ‘सहलेखक’, ‘सहप्रवासी’ यांत तो बरोबरीचा असतो. पण ‘सहसचिव’, ‘सहसंपादक’ म्हटलं की एक पायरी खाली उतरतो. मुलं वाचतील ती असं: डार्विन शोधक, वॉलेस सहशोधक. म्हणजे हाताखालचा.

प्रतिसाद: मग बक्षीस समारंभातला आपला जुना शब्द घ्या की: ‘विभागून’. ‘द्वितीय क्रमांक विभागून’ म्हणतात तसं. दोघं स्पर्धक एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं, आणि विभागणी करतात ते परीक्षक. इथेही तसंच झालं. फेब्रुवारी १८५८ मध्ये मलाय द्वीपसमूहात तापानं फणफणलेला असताना सुचलेली कल्पना वॉलेसनं लिहून काढली आणि मग डार्विनला पाठवली. बरी वाटली तर भूवैज्ञानिक लायेलना दाखवा, एवढीच विनंती होती. जूनमध्ये टपाल हाती पडलं आणि आपलीच कल्पना त्यात बघून डार्विनच्या पायाखालची वाळू सरकली. शेवटी लायेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर या डार्विनच्या मित्रांनी तोडगा काढला. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत दोघांचं लेखन वाचलं गेलं, आधी डार्विनचं, मग वॉलेसचं. डार्विनचा तान्हा मुलगा तीनच दिवसांपूर्वी गेला होता, त्यामुळे डार्विन आला नाही. वॉलेस न्यू गिनीत. त्याला कुणी विचारलंच नव्हतं! (कळल्यावर तो रागावला नाही, उलट खूश झाला. मी असतो तर झालो नसतो.)

प्रश्नकर्ता: ‘विभागून’ आवडला. पण त्यात निम्मं-निम्मं येतं ना? डार्विनची वीस वर्षांची मेहनत कुठे गेली?

प्रतिसाद: म्हणूनच ‘मान’ आणि ‘श्रेय’ वेगळे ठेवा. ‘श्रेयस्’ मूळ संस्कृतात ‘अधिक चांगलं, हिताचं’. कठोपनिषदातली श्रेय-प्रेय (हिताचं आणि आवडीचं) जोडी आठवा. मराठीत त्याचा अर्थ ‘केल्याचं माप पदरात पडणं’ असा झाला आणि आता तो राजकारण्यांच्या ‘श्रेयवादा’पर्यंत घसरलाय. पण श्रेय कामाचं असतं, मान क्रमाचा. डार्विनकडे कल्पना १८३८ पासून होती, १८४४ चा मोठा निबंध कपाटात होता. १८५९ मध्ये त्याचा ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ आला तो पुराव्यांचा डोंगर घेऊन. वॉलेसनं स्वतः १८८९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं ‘डार्विनिझम’. आणखी काय हवं?
‘पहिलेपणाच्या माना’साठी काही जण ‘प्राधान्य’ लिहितात, ते मात्र चूक. प्राधान्य आपण देतो, पहिलेपण असतं किंवा नसतं. आणि निव्वळ पहिलेपणच बघायचं तर पॅट्रिक मॅथ्यू या स्कॉटिश माणसानं १८३१ मध्येच जहाजांच्या लाकडावरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात हीच कल्पना लिहून ठेवली होती. १८६० मध्ये त्यानं तक्रार केली, डार्विननं ती मान्यही केली.

प्रतिसाद: थोडं विषयांतर. खुद्द ‘निवड’ हा शब्दही वॉलेसला खटकत होता. निवड म्हटली की निवडणारा कोणी तरी आहे असं लोकांना वाटतं, असं त्यानं १८६६ मध्ये डार्विनला कळवलं आणि त्याऐवजी तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा ‘सर्वांत योग्य ते टिकतात’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुचवला. मराठीतही तीच पंचाईत. आपण तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. निसर्ग सूप घेऊन बसलाय असंच चित्र उभं राहतं.

प्रतिसाद: मूळ प्रश्नाकडे येऊ. नाम शोधण्याच्या नादात क्रियापद विसरलात. मराठीत ‘त्याने शोधलं’ आणि ‘त्याला सुचलं’ यांत केवढं अंतर आहे! सुचणं कुणाच्या हातात नसतं, ते दोघांना दोन ठिकाणी होऊ शकतं. गंमत म्हणजे दोघांनाही अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या लोकसंख्येवरच्या लिखाणावरूनच सुचलं. तेव्हा लिहा: ‘नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विन आणि वॉलेस यांना स्वतंत्रपणे सुचली, ती पुराव्यांनिशी सविस्तर मांडली डार्विनने.’ कुणी ‘सह’ नाही, कुणी जनक नाही.

प्रश्नकर्ता: हेच घेतो. आणि मॅथ्यूला कुठे बसवू? तळटीपेत?

प्रतिसाद: डार्विननं आपल्या ग्रंथाच्या १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला सुरुवातीच्या ऐतिहासिक आढाव्यात बसवलं. तुम्ही का खाली ढकलताय?