वाड्यात, चाळीत, पत्र्याखाली पडलेल्या मोटरसायकली: नाशिककरांचा अनुभव धागा

नाशकात जुनी गाडी सहसा थेट भंगारात जात नाही. आधी ती कुठेतरी अडकून पडते: वाड्याच्या ओसरीवर, कांद्याच्या चाळीत, नाहीतर क्वार्टरमागच्या पत्र्याखाली. चालवणारा गेलेला असतो किंवा त्याचे गुडघे गेलेले असतात, आणि विकायला घरात कुणाचा जीव होत नाही. अशी गाडी ज्यांनी पुन्हा रस्त्यावर आणली त्यांनी इथे लिहा. चकाकणारी टाकी सगळेच दाखवतात, आम्हाला त्याआधीचं हवंय. काय जाम होतं, काय मिळालं नाही, पैसे कशात गेले? मिस्त्रींची नावं आणि फोन नंबर मात्र टाकू नका.

येझदी, पंचवटी

मामांची गाडी, म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे आज जो पार्ट मिळतो तो एकतर कुणाच्या तरी जुन्या साठ्यातला असतो किंवा नव्याने बनवलेला. किकचा दांडाच गिअरचाही असतो हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात ही गाडी देऊ नये.

इंजिन जाम होतं. जाम इंजिनावर किक मारायची नाही, ही पहिली गोष्ट. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल समसमान ओतलं आणि गाडी तशीच ठेवून दिली. रोज थोडं तेल वाढवायचं, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायचं. एका संध्याकाळी चाकाबरोबर पिस्टन सरकला. मामी बघत होत्या, म्हणाल्या, "झालं का? मग आता मारा की किक!" झालं नव्हतं. सुटलेला पिस्टन म्हणजे चालू गाडी नव्हे.

येझदी टू स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं असं इंजिन. अशा इंजिनात क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) ऑइल सील पडून पडून कडक होतात आणि ती बाहेरून दिसत नाहीत. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते आणि तापून पिस्टन पुन्हा धरतो. मिस्त्री म्हणत होते, आधी चालवून बघू. मी ऐकलं नाही, क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडायला लावली. माझ्या मते दहा वर्षांपेक्षा जास्त पडलेल्या कुठल्याही टू स्ट्रोकला हा खर्च चुकत नाही. चालू करून मग फोडायची की आधीच, एवढाच प्रश्न.

आणखी एक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी कसारा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर बंद करून सोडून देऊ नका. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही, आणि इंजिन तर जोरात फिरतंय. मधूनमधून क्लच दाबून रेस द्या. हे मामांनी शिकवलेलं.

बुलेट ३५०, देवळाली कॅम्प

माझं थोडक्यात. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक, अशी जुनी गाडी. बुलेट वर्षानुवर्षं उभी राहिली की ऑइल टाकीतून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते म्हणून लोक वरून आणखी ऑइल ओततात, मग पहिल्याच स्टार्टला गल्लीभर धूर. आधी खालचा ड्रेन उघडा, निघालेलं ऑइल मोजा, मग ठरवा.

ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून गॅप पंधरा थाउ (इंचाचे पंधरा हजारांश) ठेवला, कंडेन्सर बदलला, ठिणगी निळी झाली. अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणून, डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन जरासा पुढे घ्यायचा आणि मग एकच पूर्ण किक. घाईने मारली तर उलटी किक नडगीला सांगून जाते. आमच्याकडे कॅम्पात लष्करी लिलावातल्या बुलेट पुष्कळ होत्या, त्यामुळे हे ज्ञान गल्लीत फुकट मिळायचं.

राजदूत, पिंपळगाव बसवंतजवळ

आबा दूध घालायचे या गाडीवर, दोन्ही बाजूला कॅन. मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेलं हे मॉडेल, पण आमच्या शिवारात ती दूधवाल्याचीच गाडी. नंतर ती कांद्याच्या चाळीत गेली. चाळ हवेशीर असते, फटींतून वारा खेळतो, त्यामुळे चेसिसला गंज फार कमी. मात्र उंदरांनी सीट आणि वायरिंग संपवलं होतं, आणि जिथे द्राक्षबागेच्या फवारणीच्या मोरचुदाची गोणी टेकली होती तिथे कार्बोरेटर आणि हँडलचं क्रोम खाऊन टाकलं होतं. मोरचूद लोखंड, जस्त, अ‍ॅल्युमिनियम कशालाच सोडत नाही. गाडी ठेवायची तर खतं-औषधांपासून लांब ठेवा.

टाकीत गंजाचा थर. मूठभर नट आणि लिंबूसत्वाचं पाणी घालून तोंड बंद केलं, टाकी गोणपाटात गुंडाळून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला बांधली. चाक जॅकवर उचलून ट्रॅक्टर अगदी हळू गिअरमध्ये चालू ठेवला. सगळी वस्ती बघायला आलेली! नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवली आणि आतून ऑइल फिरवलं. हा शेवटचा भाग महत्त्वाचा, नाहीतर धुतलेली टाकी दुपारपर्यंत पुन्हा तांबडी होते.

रंग मी नवा दिला नाही. कॅनच्या कड्यांनी घासलेल्या जागा तशाच आहेत.

आरएक्स शंभर, सिडको

१९९६ ला बंद झालेली ९८ सीसीची गाडी, आणि आज तिच्या पार्टचे भाव ऐकून माणूस खाली बसतो. इंजिनापेक्षा जास्त पैसे मूळ सायलेन्सर आणि मीटर शोधण्यात गेले. लोक ऑइल पंप काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल घालतात. मी पंप ठेवला. नळीतली हवा नीट काढली की तो बिघडत नाही. राजदूतवाल्या भाऊंशी रंगाबद्दल मात्र सहमत नाही, चेसिस उघडं ठेवलं तर गंज थांबत नाही.

सीडी शंभर, सराफ बाजार

आमचं दुःख वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, नदीकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली आणि वाड्याच्या तळमजल्यावर पाणी. गाडी आधीच बंद होती, वर पुराचा गाळ. असा गाळ इंजिनात गेला की एक फेरासुद्धा फिरवायचा नाही. हा गाळ पिठासारखा बारीक असतो, बेअरिंग आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तोच पॉलिश पेपरचं काम करतो. ऑइल काढलं तर चहा निघाला, दूध घातलेला. पूर्ण इंजिन खोललं, बेअरिंग सगळी बदलली, बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकला. हिशेबाने बघितलं तर त्या पैशात दुसरी चालू सीडी शंभर आली असती. घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही, मीही काढलं नाही.

कागदपत्रं, नाशिकरोड

बाबा प्रेसमध्ये होते, गाडी त्यांच्या नावावर. इंजिनाचं सगळ्यांनी लिहिलंय, मी कागदांचं लिहिते, कारण तिथेच निम्म्या गाड्या अडतात. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, नूतनीकरणाला फॉर्म २५. एमएच सुरू व्हायच्या आधीचा, म्हणजे १९८९ पूर्वीचा नंबर असेल तर तो बहुधा संगणकावर नसतो. जुनं आरसी बुक दाखवून आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार झाली आहे, शिवाय हरित कर. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर २०२१ च्या नियमानुसार 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी करता येते, फी वीस हजार. पण मग ती रोज भाजी आणायला नेता येत नाही.

आणि रंगवायला देताना चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरू देऊ नका. तपासणीला त्याचाच पेन्सिलने ठसा घेतात.

एक प्रश्न आला होता: वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

येझदीवालाच उत्तर देतो. गाडी चालते, पण जुनं रबर फुगतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची सगळी रबरं इथेनॉलला टिकणारी टाकली आहेत. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो. पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. बुलेटवाल्यांनी त्यांचं काय ते सांगावं, फोर स्ट्रोकचा माझा अभ्यास नाही.