नव्या मालाला पहिले रिव्ह्यू कुठून आणायचे?

मठारकाम: पुण्यात तांबट आळीजवळ आमचं छोटं दुकान आहे. मठारकाम केलेला, म्हणजे हाताने ठोके देऊन घडवलेला तांब्याचा जग सहा आठवड्यांपूर्वी ॲमेझॉनवर टाकला. अकरा विकले गेले, रिव्ह्यू एकही नाही. मशीनवर ठोके उमटवलेल्या तशाच जगाला चारशे रिव्ह्यू. परवा एकाचा फोन आला, "पन्नास जण घेतील, पाच स्टार देतील. त्यांचे पैसे तुम्ही परत करायचे, वर मला नगामागे दीडशे." मी नाही म्हणालो. माझ्या मते ही गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे. घरचे मात्र म्हणतात, हो म्हणायला हवं होतं; यावरून वाद चालू आहे. तुम्हाला काय वाटतं?

नारायणपेठकर: मला तुमच्या घरच्यांचं पटतं. दुकानात गिऱ्हाईक भांडं हातात घेतं, वजन बघतं, वाजवून बघतं. फोनवर त्याला फक्त आकडा दिसतो. मी पहिले पंधरा रिव्ह्यू ओळखीच्यांकडून घेतले. माल खरा दिला, त्यांनी वापरला, पुढचे आपोआप आले. माल चांगला असेल तर नुकसान कोणाचं?

कोथरूडची गृहिणी: माझ्याकडून असं झालंय. मिक्सरच्या भांड्याच्या खोक्यात कार्ड होतं, पाच स्टारचा फोटो पाठवा, शंभर रुपये मिळवा. पाठवला. दुसऱ्या आठवड्यात झाकण गळायला लागलं. माझा रिव्ह्यू वाचून कोणीतरी ते घेतलं असेल, हे अजून मनातून जात नाही. शेवटी तो काढून टाकला.

हिशेबनीस: नारायणपेठकर, घरच्यांचे आणि मित्रांचे रिव्ह्यू ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेलं आयएस 19000 हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं भारतीय मानकही विकत घेतलेले रिव्ह्यू नाकारतं. ते अजून ऐच्छिक आहे, हीच त्यातली उणीव. सरळ मार्ग दोन. माल पोचल्यावर 5 ते 30 दिवसांत रिव्ह्यू मागायचं बटण, आणि ॲमेझॉनची वाइन योजना. वाइनमध्ये निवडक ग्राहकांना रिव्ह्यूसाठी 30 नगांपर्यंत फुकट द्यायचे, पण रिव्ह्यू कसा यावा ते आपल्या हातात नसतं.

नारायणपेठकर: 1,400 चा जग, 30 नग म्हणजे 42,000 रुपये. मोठ्या कंपनीला ते जाहिरातीत खपतं. तांबट आळीतल्या माणसाने कुठून आणायचे? नियम दोघांना सारखा, खिसा सारखा नाही.

मठारकाम: खिशाचं खरं आहे, म्हणूनच मी वाइनमध्ये गेलो नाही. पण विकतचा रिव्ह्यू पहिल्या दिवशी लिहिला जातो, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक तांब्याचं भांडं लखलखतंच. ते काळवंडतं दोन आठवड्यांनी. मशीनच्या जगाचे चारशे वाचले, चिंचेने घासावं लागतं हे एकानेही लिहिलेलं नाही. ज्याने खरंच पाणी भरून ठेवलंय, तो हे लिहिल्याशिवाय राहील का? काल मुदतीतल्या सात ऑर्डरींवर बटण दाबलं. आज एक आला, तीन स्टार. "काम सुंदर आहे, पण काळं पडतं हे आधी सांगायला हवं होतं." बरोबर बोलले ते. वर्णनात चिंच-मिठाचं लिहून टाकलं, काळवंडलेल्या जगाचा फोटोही लावला.

नारायणपेठकर: तीन स्टार आणि काळा फोटो बघून बारावा जग कोण घेणार? महिन्याभराने इथेच आकडा सांगा. मी वाट बघतो.