राज्यसेवा पूर्व: सीसॅटच्या उताऱ्यांनी घात केला, काय करू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी परभणीची, बी.ए. झालेय. राज्यसेवा पूर्वचा दुसरा प्रयत्न होता. पेपर एक बरा गेला, सीसॅटला (पेपर दोन: उतारे, गणित, बुद्धिमत्ता) अडकले. उत्तरतालिकेवरून ताडून पाहिलं: 52 सोडवले, 29 बरोबर, 23 चूक. म्हणजे जेमतेम 58, आणि पात्र व्हायला 66 लागतात. गणिताच्या वाटेला मी जात नाही, सगळी भिस्त उताऱ्यांवर. उतारा दोनदा वाचते, कळतोही. पण शेवटी दोन पर्याय उरले की हमखास चुकीचाच उचलते. निर्णयक्षमतेच्या (अमुक प्रसंगात काय कराल, अशा) प्रश्नांपर्यंत तर पोचलेच नाही. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, रोज अग्रलेख वाच. चार महिने वाचले. मजा आली, मार्क जागचे हलले नाहीत. आता काय करू?

मुळशीकर
ताई, आधी हिशेब बघा. प्रश्नाला अडीच मार्क, 29 बरोबर म्हणजे 72.5. एका चुकीला अडीचचा पाव वजा, म्हणजे 0.625. दहा चुका झाल्या असत्या तरी 66.25 वर सुटला असतात. 23 केल्यात. जिथे खात्री नाही तिथे गोळा भरू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

दुसरी_पाळी
मुळशीकर दादा, हिशेब बरोबर, सल्ला पटला नाही. दोन पर्यायांत डोळे मिटून टिक केली तरी निम्मे बरोबर यावेत. मिळणार अडीच, जाणार पाऊण मार्काच्याही आत, त्यामुळे फायदाच होतो. पण गोदाकाठ म्हणतेय की ती *हमखास* चुकते. नाणं उडवलं असतं तरी यापेक्षा जास्त आले असते! याचा अर्थ दोनातला एक पर्याय तिला ओढतोय. तो का ओढतो, ते शोधायला हवं.

(मी स्वतः दोनदा सीसॅटमध्ये गेलेली आहे, तेव्हा हे दुखणं ओळखीचं.)

गोदाकाठ, हा मी आत्ताच लिहिलेला उतारा. उत्तर दे, आणि का ते एका ओळीत लिही.

"गावात ठिबक आल्यावर उसाला एकरी पाणी कमी लागू लागले. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी उसाचे क्षेत्र वाढवले. दहा वर्षांनी गावातील भूजलपातळी पूर्वीपेक्षा खाली होती."

कोणता निष्कर्ष निघतो?
1) ठिबक सिंचन पाणी वाचवण्यात अपयशी ठरले.
2) दुष्काळी भागात उसावर निर्बंध हवेत.
3) एकरी पाणी वाचले म्हणून एकूण उपसा घटेलच असे नाही.
4) भूजल खालावण्याचे एकमेव कारण ऊस आहे.

गोदाकाठ
2 आणि 3 मध्ये अडकले. 2 दिलं. आमच्याकडे उसापायी विहिरींचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी_पाळी
सापडलं बघ! तू उत्तर परभणीहून आणलंस, उताऱ्यातून नाही. 2 मध्ये "हवेत" आहे. काय करावं याबद्दल उताऱ्यात अक्षर नाही, "दुष्काळी" हा शब्दसुद्धा नाही. विधान खरं असेल, मलाही पटतं, पण इथे ते चूक. 1 पहिल्याच वाक्याशी भांडतो. 4 "एकमेव"मुळे पडतो. उरला 3. तो दिसायला मिळमिळीत, म्हणून कुणाला आवडत नाही.

पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की शेती, शिक्षण, लोकशाही यावर आपली मतं पक्की असतात. त्यातलंच एक पर्याय म्हणून ठेवलेलं असतं. आणि अग्रलेखांचं म्हणशील तर त्यांनी ही सवय उलट वाढते. अग्रलेख वाचताना आपण माना डोलावतो किंवा वाद घालतो. इथे दोन्ही नको.

मी केलं ते सांगते. आयोगाचे जुने पेपर काढले, 2013 पासूनचे. वेळ लावला नाही. दिवसाला दोनच उतारे. प्रत्येक पर्यायापुढे ज्या वाक्याच्या जोरावर तो टिकतो, त्या वाक्याचा क्रमांक लिहायचा. वाक्य सापडलं नाही तर पर्याय बाद, कितीही पटला तरी. आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. माझ्या वहीत दीड महिन्यात दिसलं की निम्म्याहून जास्त चुका "गृहीतक" विचारलेल्या प्रश्नांत. मी तिथे निष्कर्ष निवडत होते. गृहीतक म्हणजे लेखकाने न बोलता आधीच धरलेलं. ते काढून घेतलं तर त्याचा मुद्दा कोसळतो. निष्कर्ष मुद्द्याच्या नंतर येतो. एवढा फरक कळला आणि तिथलं गळणं थांबलं.

चहा_आणि_पीवायक्यू
वरच्याला +1. वेळेबद्दल थोडं. 80 प्रश्न, 120 मिनिटं. त्यातले 50च्या आसपास उताऱ्यांवर. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, ते कोरे ठेवणं म्हणजे ताटातलं टाकून उठणं. मी पेपर हातात आला की आधी तेच करतो. मग उतारे, लांबी बघून नाही तर विषय बघून. तत्त्वज्ञानाचा उतारा सगळ्यात शेवटी, जमला तर.

आधी प्रश्न की आधी उतारा? मी फक्त प्रश्न वाचतो, पर्याय नाही. पर्याय आधी वाचले की ते डोक्यात घर करून बसतात.

मुळशीकर
दुसरी_पाळी, मान्य. नाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

लिंबाची_सावली
एक राहिलं. मराठी उतारा अगम्य वाटला तर शेजारचं इंग्रजी बघा. बरेचदा मराठी हे भाषांतर असतं आणि तीन ओळींच्या वाक्यात कर्ता हरवतो. इंग्रजीत तेच वाक्य सरळ असतं. भाषाज्ञान तपासणारे उतारे मात्र एकाच भाषेत येतात, तिथे ही सोय नाही. पातळी दहावी-बारावीची, घाबरण्यासारखं काही नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. आठ दिवस वाक्यक्रमांकाचा प्रयोग केला. एका उताऱ्याला पंचवीस मिनिटं लागताहेत, अभ्यासिकेतली पोरं हसतात. पण काल पाचपैकी चार आले. पाचवा चुकला, तो पुन्हा शेतीवरचाच.

दुसरी_पाळी
मग शेतीचे उतारे शेवटी ठेव. वेळेची काळजी आत्ता करू नको, महिन्याने घड्याळ लाव. आणि वहीचं पहिलं पान भरलं की इथे टाक, मला बघायचंय.