मारुतीची खरी जन्मतारीख कोणती: १९७१ की १९८१?

घाटरस्ता
मारुतीचा विषय निघाला की दोन ठरलेले सूर लागतात. 'संजय गांधींचं स्वप्न साकार झालं' किंवा 'सगळी सुझुकीची करामत'. मला दोन्ही पटत नाहीत. जून १९७१ ची संजय गांधींची मारुती लिमिटेड खाजगी, फेब्रुवारी १९८१ ची मारुती उद्योग सरकारी. नाव आणि गुडगावची जमीन सोडली तर दोघींत सामाईक काय? पहिलीला वर्षाला ५०,००० गाड्यांचं इरादापत्र, म्हणजे परवान्याआधीचं सरकारी संमतीपत्र, मिळालं होतं, पण विक्रीजोगं उत्पादन कधी उभंच राहिलं नाही. पुढे रोडरोलर आणि बसच्या बॉड्या करून दिवस काढले आणि १९७८ मध्ये कंपनी अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली. तेव्हा जन्मतारीख १९८१ च धरा.

साधा_कार्बोरेटर
'नाव आणि जमीन सोडली तर' म्हणे! लग्नात नवरा-नवरी सोडली तर उरतं काय? ती जवळपास ३०० एकर जमीन बन्सीलाल मुख्यमंत्री असताना हरयाणा सरकारने मिळवून दिली, तीही हवाई दलाच्या दारूगोळा डेपोला लागून, जिथे बांधकामावर निर्बंध होते. त्यावर गुप्ता चौकशी आयोग बसला, १९७९ ला अहवाल आला. दिल्लीला खेटून एवढी सलग जागा १९८१ मध्ये कोऱ्या सरकारी कंपनीला कोण देणार होतं? आणि बुडालेली मोटार कंपनी खास कायदा करून ताब्यात घ्यायची गरज काय होती? जून १९८० मध्ये संजय गांधी गेले, ऑक्टोबरमध्ये अध्यादेश निघाला. याला औद्योगिक धोरण म्हणायचं असेल तर म्हणा.

तिसरा_गिअर
जमिनीवर भांडा, पण गाडी का झाली नाही ते कुणीच बोलत नाही. इरादापत्राची अट होती: परदेशी सहकार्य नाही, आयात भाग नाहीत. एक नमुना कुठल्याही वर्कशॉपमध्ये होतो. पत्रा हाताने ठोकून घ्या, मिळेल ते इंजिन बसवा, गाडी चालते. तशीच नमुना गाडी अहमदनगरला लष्कराच्या वाहन संशोधन संस्थेत चाचणीला गेली. पण ५०,००० म्हणजे दिवसाला दीडशेच्या वर. तिथे दरवाजाच्या प्रत्येक पत्र्याला प्रेसचा डाय, म्हणजे साचा, लागतो, इंजिन ब्लॉकचं ओतकाम दर वेळी त्याच मापात यावं लागतं, क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) फोर्ज करून, म्हणजे तापवून ठोकून, ग्राइंड करणारा पुरवठादार लागतो. एकाचं माप चुकलं की सगळी लाइन थांबते. संजय गांधींनी रोल्स-रॉइसमध्ये अर्धवट सोडलेल्या शिकाऊ उमेदवारीवर हे जमण्यातलं नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना बोलवायला अटीने बंदी.

१९८२ ला नेमकी तीच अट उठली. सुझुकी २६ टक्के घेऊन आली, ७९६ सीसीचं इंजिन, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ड्राइव्ह. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच नाही, म्हणून वजन कमी आणि आत पाय ठेवायला जागा. अँबॅसडर आणि पद्मिनीपुढे ही वेगळीच जात होती. आधी सुट्या भागांचे किट जपानहून आणून जोडायचे, मग एकेक भाग इथे करायचा.

घाटरस्ता
म्हणजे माझाच मुद्दा. अट उठली, तंत्रज्ञ आले, व्ही. कृष्णमूर्तींसारखा भेल या सरकारी कंपनीतला माणूस वर बसला. राजकारण बाजूला झालं म्हणून गाडी आली.

साधा_कार्बोरेटर
बाजूला झालं? सरकारने इतर कुणाला ती अट इतक्या सहज सैल करून दिली होती का? परवाना राज चालूच होतं. एकाच कंपनीपुरतं दार उघडलं आणि ती सरकारची होती. डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांना द्यायला पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः आल्या. कारखान्याचा व्यवस्थापक किल्ली देऊ शकला असता की.

तिसरा_गिअर
दार उघडलं हे खरं, पण पुढची मेहनत दारात होत नाही. १९८५ नंतर जपानचं चलन येन कडाडलं, किट महाग झाले, तेव्हा भाग इथे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मारुतीने पुरवठादार कंपन्यांत स्वतः भागभांडवल घातलं. काचांना असाही इंडिया, आसनांना भारत सीट्स, स्टीअरिंगला सोना, प्लास्टिकला माचिनो. पुरवठादार हातपाय हलवेना, तर त्याच्या मागे अभियंते बसवता येतात, कारण कंपनीत आपलाही वाटा असतो. आज इतर गाड्यांनाही भाग पुरवणारी साखळी यातूनच उभी राहिली. मला विचाराल तर जन्मतारीख ना १९७१, ना १९८१. पहिला किट उघडला तो दिवस.

साधा_कार्बोरेटर
साखळीबद्दल सहमत, टोपी काढतो. पण मालकीचा हिशेब राहिला. सुझुकी १९९२ ला ५० टक्क्यांवर पोचली, १९९७ ला व्यवस्थापकीय संचालक कोण यावरून तिचं सरकारशी भांडण कोर्टात गेलं, २००२ ला नियंत्रण सोडायचे सरकारने १,००० कोटी घेतले, २००३ ला शेअर १२५ रुपयांना बाजारात आणले आणि २००७ ला पूर्ण बाहेर पडलं. जमीन, कायदा, एकट्यापुरतं उघडलेलं दार, या सगळ्याची किंमत त्या १,००० कोटींत धरली होती का? घाटरस्ता, १९८१ वर ठाम असाल तर याचं उत्तर तुम्ही द्या.