शब्दचर्चा : गळाला आमिष ‘लावणे’ की ‘ओवणे’?

म्हापश्याची बाय : भाऊ व्हँकूव्हरला असतो, बाबा तिकडे जाणारेत आणि त्यांना सॅल्मन गरवायचाय. अख्खा जन्म शापोऱ्याच्या काठावर गरी टाकण्यात गेला त्यांचा, पण इंग्रजी सूचना वाचत बसणार नाहीत म्हणून मी मराठीत लिहून देतेय. अडलेय ‘बेट रिगिंग’पाशी. ‘आमिष लावणे’ लिहिलं तर म्हणतील त्यात काय शिकायचंय, गरयेक सुंगट लायता तशें (गळाला कोळंबी लावतो तसं). पण तिथे हेरिंग (छोटा समुद्री मासा) कापून दोन गळांवर बसवतात, कोन चुकला तर मासा फिरकत नाही म्हणे. नेमका शब्द कोणता?

रायबंदरकार : बाय, ‘लावणे’ इथे खरंच कमी पडतं. आपण मांडवीत चणकीसाठी जिवंत सुंगट लावतो तेव्हा ते आपणहून पाय मारतं, आपण फक्त ते मरणार नाही असं टोचायचं. हेरिंग मेलेला असतो, त्याला हालचाल आपण द्यायची आणि ती येते कापातून. डोकं कल्ल्यांच्या मागून तिरकं उडवतात, कापही कललेला ठेवतात म्हणजे एक कूस लांब एक आखूड राहते, पोटातलं काढून टाकतात, मग पाण्यातून ओढला की तो स्वतःभोवती गिरक्या घेतो, जखमी माशासारखा. वरचा गळ कापाच्या आतून घालून कण्याच्या लगत बाहेर काढायचा, खालचा मोकळा सोडायचा नाहीतर कुशीत टोचायचा. सॅल्मनच्या जातींपैकी कोहोला जोरात फिरणारं आमिष आवडतं, चिनूक संथ मोठ्या गिरकीला येतो असं तिकडचे गरवणारे सांगतात. आणि वर स्विव्हल (दोरीतली फिरती कडी) हवाच, नाहीतर सगळ्या दोरीला पीळ बसतो.
म्हणून माझं मत ‘ओवणे’. फुलं ओवताना सुई कुठून घालायची नि कुठून काढायची हे ठरलेलं असतं, तसंच हे.

दर्यावेडी : ओवणे छान आहे पण सगळीकडे चालणार नाही हो रायबंदरकारबाब. अख्खी अँकोव्ही (आपल्या मांदेलीची भाऊबंद) प्लास्टिकच्या टोपीत डोकं घालून वापरतात, तिथे ‘बसवणे’ म्हणावं लागेल. नदीत सॅल्मनच्या अंड्यांचा पुंजका वापरतात, तो तर गळाच्या दांडीवर दोरीचा फास करून त्यात धरतात, म्हणजे ‘अडकवणे’. मथळ्याला ‘आमिषाची जोडणी’ द्या आणि आत जिथे जे काम तिथे ते क्रियापद. एकाच शब्दात सगळं कोंबलं तर वाचणाऱ्याच्या हाताला काहीच कळत नाही.

म्हापश्याची बाय : जोडणी आवडलं. अजून एक, हेरिंग आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवतात त्याला ‘खारवणे’ लिहू का?

रायबंदरकार : नको! बाबा ‘खारवलेला’ वाचून उन्हात सुकवलेला खारा बांगडाच डोळ्यासमोर आणतील. इथे वाळवायचं नसतं, मांस घट्ट करायचं असतं म्हणजे गळावर फाटत नाही, आणि खवले टिकले पाहिजेत कारण चमक त्यांचीच. ‘मिठाच्या पाण्यात मुरवणे’ लिहा. मीठ जाडं, बिनआयोडिनचं घेतात तेही घाला.

दर्यावेडी : आणि सॅल्मनला कंसात रावस लिहू नका हां, हे मी कळकळीने सांगतेय. आपल्या हॉटेलांत मेनूवर रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ छापतात त्यामुळे लोकांना एकच वाटतो. रावसाच्या छातीच्या पराखाली मोकळे धागे लोंबतात, सॅल्मनला ते नसतात, उलट त्याला शेपटीच्या अलीकडे पाठीवर छोटा मांसल पर असतो. दोघांचं कूळ वेगळं, पाणी वेगळं, सॅल्मन थंड पाण्यातला. हेरिंगला मात्र ‘तारल्याच्या गणातला’ म्हणा, ते बरोबर आहे आणि बाबांना हातात मासा आल्यासारखं कळेल.

फोंडेकार : उशिरा वाचलं. ‘गळ’ का, ‘गरी’ लिहा की. बाबा गरीच म्हणत असणार, प्रमाण मराठीसाठी त्यांचा शब्द कशाला बदलायचा?

म्हापश्याची बाय : बरोबर, गरीच ठेवते. आता असं झालंय, बघा पटतं का :
‘मिठाच्या पाण्यात मुरवलेला हेरिंग घ्यावा. कल्ल्यांमागे तिरका कापावा. वरची गरी कापाच्या आतून ओवून कण्यालगत काढावी, खालची मोकळी सोडावी. होडीच्या कडेला पाण्यात ओढून बघावा, गिरकी येत नसेल तर पुन्हा ओवावा.’

रायबंदरकार : पटलं. फक्त ब्रिटिश कोलंबियात (व्हँकूव्हर त्याच प्रांतात) सॅल्मनसाठी उलट्या काट्याची गरी चालत नाही, तेव्हा सुरुवातीलाच घाला, ‘गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून घ्यावा’. आणि काटा नाही म्हणून मासा लागल्यावर दोरी जराही सैल सोडायची नाही, हे बाबांना तोंडीच सांगा.